भिंतीकडची बाटली

भिकाजी विलणकराची जीभ गेली आहे, हे रत्नागिरीच्या मांडवीत कुणालाच माहीत नव्हतं. येसूबाईला माहीत होतं, पण तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं. खुद्द भिकाजीलाही नाही.

जीभ म्हणजे बोलायची नव्हे. ती चांगली शाबूत होती आणि पडवीत बसून जिनोव्हापासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या बंदरांच्या गोष्टी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. गेली होती ती चव, आणि चवीबरोबर वासही. इटलीवाल्यांच्या आगबोटीवर भिकाजीने उमेदीची सगळी वर्षं स्वयंपाकी म्हणून काढली. शेवटच्या फेरीला पोर्ट सय्यद सोडलं आणि त्याला ताप भरला. मुंबईला उतरवून इस्पितळात ठेवलं, आणि 'बरा झालास की पुढच्या मोसमाला ये' असं सांगून घरी पाठवलं. ताप उतरला, पण जाताना तोंडातलं होतं नव्हतं ते घेऊन गेला.

येसूबाईला हे कळलं ते भातामुळे. ती विहिरीवर होती आणि भिकाजी चुलीपाशी विडी ओढत बसला होता. गडग्यापलीकडून शेजारची चिमा ओरडली, "येसू, अगो भात करपला तुझा! अख्ख्या वाडीला वास येतोय!" येसूबाई धावत आली. टोपातून धूर निघत होता आणि नवरा हातभर अंतरावर शांत बसला होता. ज्या माणसाने कधीकाळी माजघरात पाऊल टाकताच 'फोडणीत हिंग जास्त पडला गो' म्हणून सांगावं, तो हा माणूस.

मग तिने एकदा पेजेत मीठच घातलं नाही. तो म्हणाला, झकास. दुसऱ्या दिवशी मूठभर घातलं, इतकं की मांजराने तोंड लावून फिरवलं. तरी झकास. त्यानंतर तिने परीक्षा घ्यायचं सोडून दिलं. एकदा दुपारी तो तिला परसात पाठमोरा बसलेला दिसला. पुढ्यात हिंगाची डबी, सुकी मिरची, सुक्या बांगड्याचा तुकडा. एकेक उचलून नाकाशी नेत होता, थांबत होता, खाली ठेवत होता. बंद घराच्या दाराशी उभं राहून कुणी एकेकाला नावाने हाका माराव्यात तसं. येसूबाई आल्या पावली मागे फिरली आणि घागर मुद्दाम आपटली. ती आत यायच्या आत हिंगाची डबी जागेवर गेली होती.

दोघांनी हे असंच झाकून ठेवलं असतं. पण भिकाजीला स्वस्थ बसवेना. दिवाळीनंतर आगबोटी सुरू झाल्या तशी त्याने आपली जहाजाची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढली, पुसली, कपडे भरले आणि पडवीत आणून ठेवली. आणि सखाराम तांडेल मुंबईला निघाला होता त्याच्याबरोबर मोठ्या तोऱ्यात निरोप धाडला: रुस्कोनी साहेबाला सांग, भिकाजी खडखडीत बरा झाला. विश्वास नसेल तर माझ्या घरी जेवायला ये आणि तुझ्या जिभेनेच ठरव.

रुस्कोनी म्हणजे जहाजावरचा बडा स्टुअर्ड. भटारखान्यात कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, हे त्याच्या हातात. असा साहेब रत्नागिरीला कशाला मरायला येतोय, अशी भिकाजीची समजूत असावी. सखाराम परत आला तो पडवीच्या पायरीवरूनच हसत.

"भिकाजी, साहेब येतोय! जहाज गोदीत दुरुस्तीला लागलंय. त्याला गोव्याला जायचंच हाय. जाताना एक दिवस हितं उतरतो म्हणाला. मॅकरोनी कर म्हणाला. आणि वीनो विसरू नकोस म्हणाला."

भिकाजीने विडी विझवली. मग परत पेटवली.

"वीनो म्हणजे काय ओ?" येसूबाईने विचारलं.

"द्राक्षाची दारू," सखाराम म्हणाला, आणि येसूबाईचा चेहरा बघून पायरी उतरून गेला.

याला कारण होतं. मिठाची चळवळ होऊन वर्ष उलटलं होतं. बाजारातल्या गुत्त्यापुढे बायका निदर्शनाला उभ्या राहिल्या त्यात चिमा सर्वांत पुढे होती आणि तिच्या मागोमाग येसूबाई. पुढे वाडीने भैरीदेवापुढे नारळ ठेवला, की आमच्या कुणाच्या घरात दारूचा थेंब येणार नाही. त्या नारळावर पहिला हात येसूबाईचा पडला. तिचा सख्खा भाऊ विठू दारूनेच गेला होता. त्याची बायको तेव्हा ओली बाळंतीण होती.

त्या दिवशी नवराबायको दोघं बोलली नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी भिकाजी चुलीपाशी येऊन उकिडवा बसला. लाकडं उगाच पुढेमागे केली.

"येसू," तो म्हणाला, "ताप गेल्यापासून माझ्या तोंडाला काय लागत नाय गो."

"म्हायत हाय मला."

"कधीपासून?"

"भात करपला तेव्हापासून."

"मग बोलली का नाय?"

"तुमी बोललात?"

त्याने एक लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "एक दिवस तू माझी जीभ हो. एकच दिवस. एकदा जहाजावर चढलो की हात आपसूक काम करतील. हातांना सगळं पाठ हाय."

यावर येसूबाईच्या मनात जयगडचा रामा आला. रामाची गोष्ट भिकाजीनेच कधीतरी पडवीत हसत हसत सांगितली होती. दुसऱ्या एका जहाजावरचा स्वयंपाकी. आंबलेलं मटण ओळखता आलं नाही, तसंच शिजवून वाढलं. उतारूंना उलट्या, एक म्हातारी तर दगावता दगावता वाचली. रामाला एडनला उतरवलं आणि जहाज निघून गेलं. रामा अजून जयगडला पोचला नव्हता. त्याच्या बायकोने कुंकू लावावं की पुसावं याचा निकाल कुणीच देत नव्हतं.

पण समोर हा माणूस राखेत बोट फिरवत बसला होता, आणि येसूबाईच्या तोंडून शब्द गेला, "काय काय लागेल ते सांगा."

लागत होतं बरंच. मॅकरोनीसाठी गव्हाचं पीठ आणि अंडी. भिकाजीने पीठ मळून एक गोळी अंगठ्याने दाबून दाखवली. येसूबाई म्हणाली, "ही तर नखुली! लग्नाच्या रुखवतात करतो ती. यासाठी इटलीला गेलात एवढी वर्षं?" आणि तिने सुपात भराभर नखुल्या पाडायला सुरुवात केली. बेलवांगी, म्हणजे ज्यांना बाजारात आता टमाटे म्हणायला लागले होते, ती एका वाडीवाल्याकडून आणली. ऑलिव्हचं तेल औषधांच्या दुकानात मिळालं, सांधेदुखीवर चोळायचं म्हणून ठेवलेलं. आणि वीनोही आधी तिथेच सापडली. बाळंतिणीला अंगात रक्त भरायला डॉक्टर देतात ती पोर्ट वाइन. राहीच्या, म्हणजे त्यांच्या पावसला दिलेल्या लेकीच्या, बाळंतपणातली अर्धी बाटली घरातच होती. डॉक्टरने दिलेली म्हणून ती दारूत मोडत नव्हती. औषधांच्या कपाटात ठेवलेली होती आणि वाडीतल्या दोघी म्हाताऱ्या थंडीवाऱ्यात चमचाभर मागायलाही यायच्या.

"म्हणजे इटलीचे लोक रोज जे खातापितात," येसूबाई म्हणाली, "ते आपल्याकडे आजारी पडल्यावर मिळतं."

"ही नाय चालायची," भिकाजी म्हणाला. "ही गोड असते. मॅकरोनीवर कुणी गोड वीनो घेत नाय. कॅम्पाकडच्या पारशाच्या दुकानात गवताचं विणकाम केलेली बाटली बघितली मी, खरी इटलीची. काचेतूनच बघितली. किंमत विचारली आणि पुढं चालायला लागलो."

मग सखारामच पावला. त्याचा मचवा पणजीपर्यंत जात असे. तिथे पोर्तुगालची तांबडी वीनो पिंपातून काढून विकतात, ती गरिबालाही परवडते. जकातवाल्यांची नजर चुकवून त्याने नारळांच्या पोत्यातून एक बाटली आणली.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी, वाडी जेवून आडवी झाल्यावर, त्यांनी माजघराचं दार लावून घेतलं. बेलवांग्यांचा रस लसूण घालून आटवला होता. एका वाटीत पोर्ट, एकीत गोव्याची. येसूबाईने डोळे मिटून हात जोडले.

"बा भैरीदेवा, मी पिणार नाय, चाखणार. चाखणं म्हणजे पिणं काय, ते तू ठरव. पण निकाल जरा सवडीनं दे."

"झालं?" भिकाजी म्हणाला. "आधी रसाचा घास खा. मग घोट. गिळायची घाई करू नको. तोंडात फिरव."

तिने पोर्ट आधी घेतली. चेहरा वाकडा झाला.

"कशी हाय?"

"गोड. काढ्यासारखी. रसाचा आंबटपणा एकीकडं जातोय, ही दुसरीकडं. दोघींचं पटत नाय. एका चुलीवर दोन जावा."

"म्हटलं नव्हतं? आता दुसरी."

दुसरीचा घोट तिने जास्त वेळ धरला. भिकाजी तिच्या तोंडाकडे असा बघत होता की तिला लाज वाटली. लग्न झालं तेव्हाही त्याने इतकं निरखून बघितलं नसेल.

"आधी आंबट," ती हळूहळू म्हणाली. "मग जिभेला धरते. मागाहून तुरट, कच्च्या जांभळासारखी. तोंडातलं तेल सगळं खरवडून नेते. आणि…" ती थांबली. "आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो."

"हीच!" त्याने मांडीवर थाप मारली. "हीच ती! पुन्हा सांग. हळू सांग. पाठ करतो."

आणि खरोखर त्याने ते पाठ केलं, शाळेतलं पोर परवचा म्हणतं तसं. आधी आंबट, मग जिभेला धरते, मागाहून कच्च्या जांभळासारखी तुरट. चुकला की ती सुधारत होती. कितीतरी दिवसांनी माजघरात दोघं हसली. येसूबाईच्या डोक्याला किंचित झिणझिण्या येत होत्या. त्या कशाच्या, याचा तिने शोध घेतला नाही.

राहिला प्रश्न बाटली ठेवायची कुठे. औषधांच्या कपाटात नको, पोर्ट मागायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचा हात पडायचा. येसूबाईने विचार करून ती सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं. स्वयंपाकघराच्या फळीवर कोकमाच्या आगळाच्या बाटल्या ओळीने होत्या, उन्हाळ्यात रस काढून मीठ घालून भरलेल्या. रंग तोच, गडद तांबडा. तिने आगळाची एक रिकामी बाटली धुऊन सुकवली, तिच्यात वीनो भरली आणि ओळीत अगदी शेवटी ठेवली. "भिंतीकडची," तिने नवऱ्याला सांगितलं. "उद्या काढताना भिंतीकडची काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमा आली. नुसती आली नाही, थेट स्वयंपाकघरात शिरली.

"गोरा साहेब जेवायला येतोय म्हणे तुमच्याकडं? काय गो, काटेचमचे धुतलेस की तसेच?" सुपातल्या नखुल्यांकडे बघून म्हणाली, "आणि हे काय, लगीन हाय की काय साहेबाचं?"

"बसा चिमावैनी."

"बसायला वेळ नाय. वाटीभर आगळ दे, सार करायचंय. आमचं संपलं." आणि तिने फळीकडे हात उचलला. बरोबर भिंतीकडे.

येसूबाई पुढे झाली. "ते नको, ते… ते कडू झालंय," असं काहीतरी बोलत तिने चिमाच्या आधी बाटली काढली, पाठीमागे धरली, दुसरी काढली, चिमाच्या वाटीत ओतली. चिमाने वाटी हुंगली.

"घामेजलीस का गो एवढी?"

"चुलीपुढं काय गारवा असतो?"

"दारूबिरू नाय ना देणार त्याला? मेले ते लोक पाण्यासारखी पितात म्हणतात. नारळ आठवतोय ना?"

"माझाच हात पहिला होता त्यावर," येसूबाई म्हणाली. हे खरं होतं, म्हणूनच तिने चुलीकडे तोंड फिरवलं. चिमा गेल्यावर तिने घाईघाईने दोन्ही बाटल्या परत फळीवर ठेवल्या आणि नखुल्या उकडायला पाणी चढवलं.

साहेब दिवेलागणीला आला. लठ्ठ, तांबडालाल, केस पांढरे, हातात गवती टोपी. दाराच्या चौकटीला डोकं आपटून स्वतःच हसला. त्याने बरोबर फडक्यात बांधलेलं चीज आणलं होतं, जांभ्या दगडासारखं टणक. ते भिकाजीने नारळाच्या खवणीवर खवलं. शाळामास्तरांकडून मागून आणलेलं टेबल ओटीवर मांडलं होतं, आणि त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली भिकाजीने संध्याकाळीच काढून ठेवली होती, येसूबाई विहिरीवर गेली असताना.

येसूबाई माजघराच्या दारामागे. तिथे तिचं काम ठरलेलं होतं. घरातली बाई पाहुण्यापुढे नवऱ्याला हाक मारत नाही, कडी वाजवते. भिकाजीने तिला सांगून ठेवलं होतं, काही चुकलं, मीठ कमीजास्त, कसलंही काही, की कडी वाजव. मी आत येतो.

तळलेला सरंगा गेला. तिने आधी चाखला होता, कडी वाजवावी लागली नाही. बाहेरून साहेबाचा आवाज येत होता, जहाजावरच्या खलाशी हिंदुस्तानीत. "बोनो, भिकाजी! बोनो! मछली बहुत अच्छा." नखुल्यांची परात गेली. वर रस, त्यावर चीज. तोही तिने चाखला होता. मग तिला वाटलं, शेवटी साहेबाला सोलकढी द्यावी. नारळाचा रस काढून ठेवलेलाच होता. तिने फळीवरची एक आगळाची बाटली घेतली, बूच काढलं आणि ओतायला तिरकी केली.

वास आला. कच्च्या जांभळाचा.

क्षणभर तिला काही उमगेना. मग सकाळ आठवली. चिमाची वाटी, पाठीमागे धरलेली बाटली, घाईघाईने परत ठेवलेली जोडी. भिंतीकडे आगळ गेलं होतं. टेबलावर आगळ होतं.

ती दाराशी आली. फटीतून दिवा दिसत होता आणि दिव्याच्या उजेडात भिकाजी. त्याने ठेवणीतला पांढरा कोट घातला होता. फडकं सोडून तो बाटली तशा ऐटीत तिरकी करत होता, जशी त्याने बड्या बड्या लोकांपुढे केली असेल. दोन पेले भरले. रंग सुरेख होता.

"पहले तुम," साहेब म्हणाला. "जहाज का कानून. जो डालेगा वो पहले पियेगा."

"येस साहेब."

येसूबाईचा हात कडीवर होता. थंडगार लोखंड. नुसतं बोट हललं असतं तरी पुरे. तो 'आलो' म्हणत आत आला असता, तिने बाटली बदलली असती, हसण्यावारी गेलं असतं. साहेब खूश झालाच होता. उद्या पेटी पडवीतून उचलली गेली असती, मचव्यात, मचव्यातून आगबोटीत. आणि मग? भटारखान्यात मांस येईल, मासळी येईल, दूध येईल. तो नाकाशी नेईल, थांबेल, खाली ठेवेल. दाराआड कुणी नसेल. तिला एडन कसं असतं ते माहीत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त एक धक्का आला आणि त्यावर पांढऱ्या कोटातला एक माणूस, आणि दूर जाणारं जहाज.

पण त्याची ती ऐट. काल मांडीवर मारलेली थाप.

तिने हात काढला नाही. तिने कडी वाजवलीही नाही.

भिकाजीने घोट घेतला. तोंडात फिरवला. एवढुसाच काळ तो थांबला. मग म्हणाला, "साहेब, आधी आंबट. मग जीभ को पकडता है. पीछे से तुरट, कच्चा जांभूळ का माफिक." एक शब्द चुकला नाही. "तेल सब साफ करता है. मॅकरोनी के साथ फर्स्ट क्लास."

साहेबाने पेला उचलला आणि मोठा घोट घेतला.

त्याचे डोळे पाण्याने भरले. गळ्याची गाठ वर गेली, खाली आली. मीठ आणि कोकम, पाण्याचा थेंबही न घातलेलं; आपला माणूस असता तरी ठसका लागून उठला असता. साहेबाने पेला सावकाश टेबलावर ठेवला. भिकाजीकडे बघितलं. भिकाजीही त्याच्याकडे बघत होता, चेहऱ्यावर तेच फर्स्ट क्लास.

"भिकाजी," साहेब म्हणाला, "बुखार के बाद सब ठीक?"

"सब ठीक साहेब."

साहेबाने मान हलवली. मग त्याची नजर माजघराच्या दाराकडे गेली, फटीवर, आणि तिथे जरा रेंगाळली. त्यानंतर त्याने पुढ्यातली मॅकरोनी शेवटच्या नखुलीपर्यंत खाल्ली. पेल्यात उरलेलं आगळही, डोळे मिटून, एका दमात पिऊन टाकलं. जहाजावर असा माणूस आपल्या नवऱ्याचा साहेब होता, याचं येसूबाईला फार बरं वाटलं आणि त्याच क्षणी तिला फार वाईटही वाटलं.

निघताना तो पडवीत थांबला. पेटी बघितली. "इस मोसम में पासिंजर कम है," तो टोपी फिरवत म्हणाला. "आदमी भी कम लेना है. तुम घर में रहो, भिकाजी. घर अच्छा है." आणि दाराकडे वळून, "बाई, खाना बहुत बोनो. ग्रात्सिए, शुक्रिया." उरलेलं चीज त्याने टेबलावर तसंच ठेवलं होतं.

सखाराम कंदील घेऊन त्याला डाकबंगल्यापर्यंत पोचवायला गेला. येसूबाई बाहेर आली. भिकाजी साहेबाच्या खुर्चीत बसला होता. बाटली हातात.

"यात आगळ होतं," तो म्हणाला.

ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"खालचा ओठ फुटलाय माझा. थंडीनं. चरचरला." त्याने ओठाला बोट लावलं. "वीनो एवढी चरचरत नाय. मीठ चरचरतं."

"मग तेव्हाच कळलं तुमाला?"

"घोट तोंडात होता तेव्हाच."

"मग बोललात कशाला ते सगळं?"

"पाठ होतं. तोंड उघडलं आणि आलं बाहेर." बाटली त्याने खाली ठेवली. "आणि म्हटलं, येसू आता कडी वाजवेल. अजून वाजवेल. साहेबाने पेला उचलला तरी मी वाट बघत होतो. तू दाराशी नव्हतीस काय?"

"होते."

"तुला म्हायत नव्हतं?"

"होतं."

दिव्याभोवती पाखरं फिरत होती. एक भिकाजीच्या आगळाच्या पेल्यात पडलं, ते त्याने बोटाने काढलं.

"हितं कडी होती," येसूबाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तिथं कुणाची वाजणार? सडका मासा हाताशी आला तर कोण सांगणार तुमाला? जयगडच्या रामाला सांगितलं कुणी?"

"मी रामा नाय."

"रामापण हेच म्हणाला असेल."

तो उठला. तो ओरडला असता तरी तिला चाललं असतं. तो ओरडला नाही. "माझ्या जहाजाला भोक पाडलंस गो तू," एवढंच म्हणाला, तेही हळू, आणि ताटंपेले गोळा करून परसात घासायला घेऊन गेला. जहाजावरची सवय, जेवण झालं की भांडी आपण घासायची. कितीतरी वेळ भांड्यांचा आवाज येत होता. साहेबाचा पेला तो सारखा सारखा घासत असावा.

दुसऱ्या दिवशी येसूबाईने गोव्याची वीनो परसातल्या माडाच्या आळ्यात ओतली. ओतताना पुन्हा तो वास आला आणि तिला कबूल करावं लागलं की वास वाईट नव्हता. गडग्यावरून चिमाचं डोकं वर आलंच.

"काय ओततेस गो?"

"आगळ. बिघडलं."

"एवढं आगळ माडाला? मला दिलं असतंस."

"तुमाला सोसलं नसतं वैनी."

त्यानंतर घरात बोलणं कामापुरतं राहिलं. लाकडं आणली. पाणी तापलं. भिकाजी पडवीत बसायचा, पण बंदरांच्या गोष्टी बंद झाल्या. कुणी आगबोटीचं विचारलं तर म्हणायचा, "या मोसमाला पासिंजर कम हाय." साहेबाचेच शब्द. पेटी पडवीतच होती. तो म्हणेना आत घे, ती म्हणेना आत घेऊ का. रोज ती पेटीच्या भोवतीने केर काढायची. समुद्रावरून आगबोटीचा भोंगा ऐकू आला की दोघंही हातातलं काम थांबवायची आणि तो विरला की पुन्हा सुरू करायची.

एका सकाळी तिने त्याला पेज वाढून दिली आणि ती वळली. दोन घोट झाले असतील. तो समुद्राकडेच बघत होता.

"येसू," तो म्हणाला. "मीठ हाय काय गो यात?"

ती थांबली. करपल्या भातापासून आजपर्यंत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. बेचव पेजही तो 'झकास' म्हणून पीत आला होता. तिने त्याच्या हातातली वाटी घेतली, एक घोट घेतला आणि तोंडात फिरवला.

"नाय," ती म्हणाली. "विसरले मी."

"मग घाल."

"घालते," म्हणून ती आत निघाली. जाताना पेटीचा कोपरा तिच्या पायाला लागला, चांगलाच लागला. ती "आई गं" म्हणाली. त्याने मान वळवून पेटीकडे बघितलं, मग तिच्या पायाकडे.